रेडिएटरमधलं पांढरं पाणी

ढकांब्याचा चढ संपता संपता गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली. कुंदनने इंजिन बंद केलं, गाडी तशीच घरंगळू देत कडेच्या बाभळीखाली नेली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. मी शेजारी होते. मांडीवर माहेरून आणलेली द्राक्षांची पेटी होती. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

“काय झालं रे?”

“काटा बघ.”

तापमानाचा काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला होता.

“पाणी घालायचं का? बाटली आहे माझ्याकडे.”

“आत्ता झाकण उघडलं तर तोंड भाजेल. थांब जरा.”

थांबलो. मार्च संपत आला होता आणि ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. दिंडोरीकडून क्रेट भरलेले टेम्पो येत होते. एका ड्रायव्हरने वेग कमी करून विचारलं, “काय दादा, चहा ठेवलाय का बॉनेटखाली?” एरवी कुंदनने काहीतरी उलट सुनावलं असतं. तो बघतही नव्हता.

इंजिन जरा निवलं तसा त्याने माझा नॅपकिन बाटलीतल्या पाण्याने ओला केला, त्याची जाड घडी करून रेडिएटरच्या झाकणावर ठेवली आणि डाव्या हाताने झाकण हळूहळू फिरवलं. फुस्स झालं. मग उतू जाणाऱ्या दुधासारखा पांढरा फेस वर आला आणि नॅपकिनवरून, त्याच्या मनगटावरून खाली ओघळला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मी कुंदनचा चेहरा बघितला. तो चेहरा मी ओळखत होते. मधली दोन वर्षं मी त्याच चेहऱ्यासमोर जेवणाचं ताट नेऊन ठेवत होते.

“गॅस्केट गेलं,” तो म्हणाला. “इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधे असतं ते. ते फुटलं की ऑईल पाण्यात उतरतं आणि पाणी असं पांढरं होतं.”

“मग नवीन टाकू.”

“नवीनच होतं, आई. हेडचे नट मी आवळले होते.”

आणि त्याने उजवा हात वर करून असा पाहिला, जसा दुसऱ्या कुणाचा असावा.

त्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट नाही. सातपूरच्या एका कारखान्यात तो पत्रा कापायच्या प्रेसवर होता. आयटीआय झालेला, कामाला चपळ, सुपरवायझर होईल असं सगळे म्हणायचे. एका रात्रपाळीत प्रेस पडायला नको तेव्हा पडला. चूक कोणाची याची चौकशी झाली, ती अशा चौकशा जशा होतात तशी झाली. जखम भरली. कुंदन मात्र दवाखान्यातून आला तो आपल्या खोलीत गेला आणि तिथेच राहिला. आम्ही झोपल्यावर उठून डाव्या हाताने चमच्याने जेवायचा. मित्र आले की झोपल्याचं सोंग घ्यायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की त्याला फार वेळ एकटं सोडू नका. त्याच दिवशी यांनी त्याच्या खोलीची आतली कडी स्क्रू ड्रायव्हरने काढून टाकली. कुंदन पलंगावरून बघत होता. 

त्यातून त्याला बाहेर काढलं ते माझ्या भावाने. धनराज म्हणजे द्राक्षबागायतदार माणूस, गोड बोलणं त्याच्या स्वभावात नाही. एक दिवस तो दिंडोरीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपली जुनी फियाट घालून आमच्या अशोकनगरच्या दारात आला. माझ्या बरोबरीच्या वयाची ती गाडी कित्येक वर्षं क्रेटच्या ढिगामागे पडून होती. कोंबड्यांनी तिच्या मागच्या सीटवर संसार मांडला होता.

“कुंदन!” तो खालूनच ओरडला. “भंगारवाला येतोय हिला न्यायला. बघ, तुझ्यानं काही होत असंल तर. नसंल होत तर तसं सांग, मी आपला मोकळा.”

“मामा, मला नाही जमणार आता,” आतून आवाज आला.

“बरं. मग राहू दे हितंच. भंगारवाला हितनं नेईल.”

भंगारवाला कधी आला नाही, तो नव्हताच. गाडी दारात उभी राहिली. आठवडाभर कुंदन खिडकीतून तिच्याकडे बघत होता. मग एका सकाळी मी दूध घ्यायला उठले तर बॉनेट उघडं होतं.

पुढचे सगळे महिने मी त्याला पाना धरायला शिकताना पाहिलं. हातातून स्पॅनर सुटायचा, फरशीवर खणकन वाजायचा. मी स्वयंपाकघरात तो आवाज मोजायचं टाळायचे. मदतीला कोणी आलेलं त्याला चालत नव्हतं. त्याचा आयटीआयचा मित्र दिनेश, ज्याचं सातपूरला गॅरेज आहे, तो टॉर्क रेंच द्यायला आला होता. हा पाना ठरलेला जोर लागला की कट्ट असा वाजतो. दिनेश म्हणाला, “हेडचे नट मी आवळून देतो, पाच मिनिटांचं काम.” कुंदनने पाना घेतला आणि म्हणाला, “उद्या परत देतो.” त्या दिवशी तो मधल्या नटापासून बाहेर, बाहेरच्या नटापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून, असा दुपारभर आवळत होता. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. शेवटी घरात आला आणि पाणी मागितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने काहीतरी मागितलं होतं.

म्हणून ढकांब्याला तो फेस बघून मला कळलं की हे गाडीचं दुखणं नाही.

गाडी दोराने ओढत घरी आणली. संध्याकाळी दिनेश आला. त्याने रेडिएटरमध्ये बोट बुडवलं, पांढरं बोट कुंदनला दाखवलं.

“हेड गॅस्केट. डोळे झाकून सांगतो. कुंद्या, टॉर्क कमी पडला ना राव. म्हणत होतो मी, दे माझ्याकडे.” बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. “म्हणजे माझ्याकडून पण होतं रे असं. मागच्या महिन्यात एका जीपचं...”

“बरोबर आहे तुझं,” कुंदन म्हणाला आणि वर निघून गेला.

दिनेश माझ्याकडे बघत उभा राहिला. “काकू, मी गमतीत बोललो हो.”

“माहीत आहे रे.”

त्या रात्रीपासून पुन्हा ताट परत यायला लागलं. हे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. कामावरून आले की जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून वर कान द्यायचे, मग चपला काढायचे. एकदा त्यांनी वर जाऊन विनोद करायचा प्रयत्न केला, “अरे, आमच्या टाकीतलं पाणी घाल, ते कधी पांढरं नसतं, पिवळंच असतं.” कुंदन भिंतीकडे तोंड करून पडला होता. खाली येऊन हे मला म्हणाले, “तू आज त्याच्या खोलीत झोप.” मी झोपले. म्हणजे आडवी झाले.

धनराजचा फोन आला. मी गच्चीवर जाऊन बोलले.

“ताई, तो काय म्हणतोय?”

“काहीच म्हणत नाही. तेच तर.”

“मी एक माणूस पाठवतो नाशकातला, जुन्या गाड्यांचा. हेड उघडून पुन्हा बसवंल.”

“नको रे. दुसऱ्याने उघडलं तर त्याला...”

“मग काय करू? गाडी परत नेऊ का?”

“गाडी नेलीस तर मी काय करू, ते तूच सांग,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. 

त्यानंतरच्या सकाळी मी कपडे भिजवत होते. घरात कुणी आजारी असलं की धुणं साचतं, तसं साचलं होतं. त्या ढिगात तळाशी तो नॅपकिन सापडला, ढकांब्याला झाकण उघडताना वापरलेला. वाळून कडक झाला होता. बादलीत टाकला तर त्याच्याभोवती पाणी पांढरं व्हायला लागलं. मी तो पिळून वर काढला आणि एकदम थांबले. त्याला वास येत होता. इंजिन ऑईलचा वास आता मला पाठ होता, महिनोन्महिने कुंदनचे कपडे धुतले होते मी. हा तो नव्हता. हा वास माझ्या माहेरच्या बेदाण्याच्या शेडचा होता.

आमच्याकडे जी द्राक्षं बाजारात जात नाहीत त्यांचा बेदाणा करतात. घड जाळ्यांवर वाळत घालायच्या आधी एका पाण्यात बुडवून काढतात. त्या पाण्यात खारासारखी पावडर असते आणि एक तेल असतं. त्याने सालीवरचा मेणासारखा थर जातो आणि द्राक्ष लवकर वाळतं. ते तेल पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं होतं. लग्नाआधी सगळे उन्हाळे माझ्या हातांना तोच वास असायचा. जरा गोडसर, जरा खवट.

मी ओला नॅपकिन घेऊन जिना चढले. पाणी जिनाभर ठिबकत होतं.

“कुंदन, ऊठ. हे हुंग.”

“आई, जा ना.”

“हुंग म्हणते ना!”

मी त्याच्यावर इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. तो उठून बसला आणि त्याने नॅपकिन नाकाशी धरला.

“कसला वास आहे?”

“बेदाण्याच्या तेलाचा. तुझ्या मामाकडच्या.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग नॅपकिनकडे. मग त्याने पुन्हा वास घेतला आणि हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “ऑईलची पट्टी कोणी काढून बघितली होती का?”

“कसली पट्टी?”

“मीपण नाही बघितली. दिनेशनेही नाही. गॅस्केटमधून ऑईल पाण्यात गेलं असेल तर बहुतेक वेळा पाणी पण ऑईलमध्ये जातं. तिकडेही पांढरा लगदा दिसायला हवा.”

तो बनियनवरच खाली उतरला. बॉनेट उघडून त्याने इंजिनात खुपसलेली लांब पट्टी ओढून काढली आणि उन्हात धरली. तिच्यावरचं ऑईल मधासारखं स्वच्छ होतं. ऑईल भरायचं झाकण काढून आत बोट फिरवलं, तिथेही काही नाही. प्लग काढले, ते कोरडे.  तो गाडीला टेकून खाली फरशीवर बसला. मला वाटलं आता रडेल, पण तो म्हणाला, “मामाला फोन लाव.”

फोन स्पीकरवर होता. धनराजने सरळ बारकूलाच बोलावलं. बारकू सुरगाण्याकडचा, वर्षानुवर्षं धनराजच्या बागेत गडी म्हणून राहतो.

“बारकूदादा, आम्ही आलो होतो त्या दिवशी गाडीत पाणी टाकलं होतं का?”

“टाकलं ना भाऊ. तुमी जेवाया बसले व्हते. टॅक्टर आला तरी मी आधी पानी बघतो. हिचं बी बघलं. कमी व्हतं.”

“कशातनं टाकलं?”

“कॅनातनं.”

“कुठल्या?”

“तो निळा नाय का, शेडजवळचा. तेलाचा. इसळला व्हता मी.”

बागेच्या गावात रिकामा कॅन कोणी टाकून देत नाही. औषधाचा असो, तेलाचा असो, विसळायचा आणि पाण्याला लावायचा. मीसुद्धा माहेरून असे दोन कॅन आणलेले आहेत, झाडांना पाणी घालायला.

“पाणी पांढरं दिसलं नाही का, दादा?”

“दिसलं की. म्हणलं तुमचं ते कुलंट आसंल. शेरातल्या गाड्यांना टाकतेत तसं.”

मागून धनराज ओरडला, “आरं बारक्या, माझी गाडी काय बेदाणा हाय व्हय, बुडवून वाळत घालायला!”

“आवो मालक, वाळतच पडली व्हती ना इतकी वर्सं,” बारकू म्हणाला.

कुंदन हसला. थोडंसंच, नाकातून. पण मी ते ऐकलं.

त्या दिवशी आम्ही मोठ्या पातेल्यात पाणी तापवत राहिलो. धुण्याचा सोडा घालून रेडिएटर भरायचा, इंजिन चालू ठेवायचं, पांढरं पाणी सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. हे कामावरून आले तर दारात पांढरा ओहोळ. “एवढं पाणी! उद्या माझ्याच खात्याची माणसं येतील घरी,” म्हणाले, आणि शर्ट काढून बादल्या उचलायला लागले. हळूहळू पाणी नितळ यायला लागलं. इंजिन दारात कितीतरी वेळ चालू ठेवलं, काटा मधोमध उभा.

मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, त्र्यंबक रोडला एक फेरी मारून येऊ. मी सोबत गेले. मीच हट्ट केला म्हणा. महिरावणीपर्यंत गाडी छान चालली. त्याने खिडकीवर कोपर टेकवलं होतं. पुढे रस्ता मोकळा लागला, त्याने वेग वाढवला, आणि मी बघत असताना काटा मध्यावरून हलला आणि वर सरकायला लागला.

“कुंदन...”

“बघतोय.”

त्याने गाडी कडेला घेतली. थंड व्हायची वाट पाहिली, झाकण उघडलं. या वेळी फेस नव्हता, पांढरं काही नव्हतं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि गाडी तरीही तापली होती. डिकीतल्या कॅनमधलं होतं नव्हतं ते पाणी त्याने ओतलं. तेही पुरलं नाही.

“मग आता काय?”

“मग काय. त्या दिवशी ढकांब्याला तापली तेव्हा हेड वाकलं असेल. किंवा गॅस्केट आधीपासूनच धड बसलं नसेल, तेल फक्त निमित्त झालं.” त्याचा आवाज अगदी सपाट होता. “शेवटी तिथेच येतंय ना सगळं.”

“घरी जाऊन बघू. दिनेशला...”

“दिनेशला काय विचारायचं? तो काय सांगायचं ते सांगून गेलाय.”

मी गाडीत बसले आणि यांना फोन लावायला लागले. रेंज येत नव्हती. मागे डिकी आपटल्याचा आवाज आला. फोन लागेना म्हणून मी मान वर केली तर कुंदन रस्ता सोडून द्राक्षाच्या मांडवाकडेने चालत बराच पुढे गेला होता. खांदे पाडून, खाली बघत. त्याच्या पुढे पाण्याच्या मोटारीची खोली होती. खोलीच्या पलीकडे विहिरीचा काठ दिसत होता.

मी कशी उतरले मला आठवत नाही. नांगरटीत चपला अडकत होत्या, त्या कुठेतरी राहिल्या. मी त्याला हाक मारत होते पण तोंडातून आवाज निघत नव्हता, स्वप्नात होतं तसं. ढेकळात एकदा पडले. तो विहिरीच्या काठाशी पोचला आणि वाकला. मग कुठून तरी माझा आवाज फुटला.

“कुंदन!”

तो दचकून वळला. त्याच्या हातात रिकामा कॅन होता. काठावर दोर बांधलेली बादली ठेवलेली होती, तिला त्याने हात लावला होता.

मी त्याच्यापासून चार हात अंतरावर उभी. साडीला माती, पाय रक्ताळलेले, धाप लागलेली. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग हळूहळू कळत गेलं की मी का धावत आले. मला त्याला ते कळू द्यायचं नव्हतं. दोन वर्षं आम्ही तो शब्द घरात येऊ दिला नव्हता.

“पाणी आणायला आलो होतो, आई,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले. “हो. मला वाटलं बादली जड असेल.”

आम्ही दोघांनी बादली ओढली. त्याने कॅन भरला. परत येताना तो माझ्या चपला शोधत मांडवाच्या कडेने फिरला, दोन्ही सापडल्या, झटकून त्याने माझ्या पायांपुढे ठेवल्या.

गाडीत पाणी ओतून झाल्यावर त्याने इंजिन चालू केलं आणि झाकण उघडं ठेवून पाण्याकडे बघत उभा राहिला. कितीतरी वेळ. मी पायातले काटे काढत होते.

“बुडबुडे येत नाहीत,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“गॅस्केट गेलं असतं तर सिलिंडरचा गॅस पाण्यातून वर आला असता. एक बुडबुडा नाही.” मग जरा वेळाने, “घरी उभी असताना तापत नाही. हळू चालवली तर तापत नाही. रेस दिली की तापते.” तो स्वतःलाच प्रश्न घालत होता. “आई, तू माझ्या जागेवर बस.”

“मला गाडी येत नाही.”

“चालवायची नाहीये. उजव्या पायाने ते पेडल दाब. मी सांगेन तेव्हा.”

त्याने झाकण लावलं आणि बॉनेटखाली डोकं घालून अगदी खाली वाकला. मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

“दाब.”

दाबलं. इंजिन एवढ्या मोठ्याने गुरगुरलं की मी घाबरून पाय काढला.

“सोडू नको ना! दाबून धर. अजून. अजून!”

मी डोळे मिटून दाबून धरलं.

“सोड.”

सोडलं.

“परत दाब.”

असं दोनदा झालं. मग बॉनेटखालून विचित्र आवाज आला. मला वाटलं हात अडकला. मी धावत पुढे गेले तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता.

“ती बघ. खालची नळी. थांब, मी रेस देतो, तू बघ.”

रेडिएटरच्या तळाशी मनगटाएवढी जाड रबरी नळी होती. त्याने आत बसून रेस दिली आणि नळी माझ्या डोळ्यांदेखत चपटी झाली, दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखी, ऊस पिळून निघतो तशी. रेस सोडली की पुन्हा गोल.

“पंप इथून पाणी ओढतो,” तो बाहेर येऊन सांगायला लागला. त्याचे शब्द एकमेकांवर आदळत होते. “तेलाने रबर आतून फुगलंय, मऊ पडलंय. वेग वाढला की पंप जोरात ओढतो, नळीच मिटते, पाणी बंद. वरची नळी मी नवी टाकली होती. ही बाहेरून चांगली दिसली म्हणून जुनीच ठेवली. माझीच चूक आहे, आई! पण ही डोक्याची चूक आहे. हाताची नाही.”

हे त्याने आनंदाने सांगितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला वाटलं असतं याला लॉटरी लागली.

घरी आम्ही रांगत रांगत आलो, मागून हॉर्न खात. नवी नळी मिळाली, आत स्प्रिंग असलेली. ती बसवल्यावर त्याने दिनेशला बोलावून घेतलं आणि परत द्यायचा राहिलेला टॉर्क रेंच त्याच्या हातात दिला.

“सगळे नट तपास.”

“आता कशाला? गाडी चालतेय ना?”

“तू तपास.”

दिनेशने एकेका नटाला पाना लावला. कट्ट. पुढचा. कट्ट. मी उंबऱ्यात उभी होते. हे ओट्यावर वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. शेवटच्या नटाला दिनेशने मुद्दाम अंग टाकून जोर लावला, पाना वाजला आणि नट जागचा हलला नाही.

“एकही सैल नाही रे,” तो म्हणाला. मग डोकं खाजवत, “काकू, चहा मिळेल का? म्हणजे माझ्यासारख्याला मिळत असेल तर.”

चहा झाला. कुंदनने त्याला गॅरेजपर्यंत गाडीने सोडलं, मुद्दाम, मोठ्या रस्त्याने.

परत आल्यावर तो मोरीत हात धूत होता, मी पलीकडे भाकरी थापत होते. साबण त्याच्या हातातून सुटला, त्याने उचलला. पाठमोराच बोलला.

“आई, त्या दिवशी मी पाणीच आणायला निघालो होतो.”

“माहीत आहे मला.”

“निघालो तेव्हा पाण्यालाच निघालो होतो.” नळ चालू होता. “पण तू धावत आलीस ते बरं केलंस.”

 तव्यावरची भाकरी करपली, ती मी माझ्या ताटात घेतली. त्याला दुसरी वाढली. तो जेवला, आणखी अर्धी मागून घेतली.

जेवताना म्हणाला, उद्या सापुताऱ्याचा घाट चढवून आणतो. घाट चढली तर मामाला सांगेन, गाडी तयार आहे. मी विचारलं, कोण कोण जायचं? म्हणाला, मी एकटाच.

यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात घाटाची वळणं आली, कठडे नसलेल्या जागा आल्या, विहिरीचा काठ आला. कुंदन माझ्याकडे बघत नव्हता, पण त्याने घास हातातच धरून ठेवला होता.

“जा,” मी म्हणाले.

ताटं उचलताना हे हळूच म्हणाले, “जा म्हणालीस खरं. आता झोपणार आहेस का?”

दोघेही कधीचे झोपलेत. मी त्याच्या दाराशी दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून हे लिहीत बसले आहे.